अशुद्धिपत्र

शहर पडलं याचं काकांना फारसं वाईट वाटलं नाही. शहरं पडतात, पुन्हा बांधता येतात, आणि हे तर नुसतं सरावासाठी वसवलेलं शहर होतं. पडद्यावर आग भडकली, तटबंदी कोसळली, कुठूनतरी करुण वाद्यं वाजली आणि मधोमध एक पाटी आली : 'आपले शहर उध्वस्त झाले आहे.' काका खुर्चीत ताठ झाले. कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर ओढला आणि पाटी पुन्हा वाचली.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली. "यांनी द् खाल्ला!"

"कोणी काय खाल्लं?" काकू ओले हात पुसत दारात आल्या.

"द्. उद् अधिक ध्वस्त, उद्ध्वस्त. मधला द् गेलाय."

"आणि शहर?"

"ते गेलं. त्याचं काय एवढं."

काकूंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या परत आत गेल्या. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाशी संसार केला की कशाचं वाईट वाटून घ्यायचं आणि कशाचं नाही, याचं कोष्टक बाईला आपोआप पाठ होतं.

इमारतीत त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. फार वर्षांपूर्वी लिफ्टवर एक सूचना लागली होती, 'दार निट बंद करावे'. दुसऱ्या दिवशी त्या 'नि'ची पहिली वेलांटी खोडून कोणीतरी लाल शाईने दुसरी काढलेली आढळली. काम गुपचूप झालं होतं. पण अख्ख्या इमारतीत शर्टाच्या खिशाला लाल पेन लावून हिंडणारा माणूस एकच होता. त्याला तोंडावर कोणी काही बोललं नाही, फक्त नाव पडलं. काकांना ते नाव आवडत नसे. पण निदान ते शुद्ध लिहिलं जातं, एवढं समाधान होतं.

आता असा माणूस संगणकावर राज्यं कशाला वसवतो, हे सांगायला हवं. त्याचं कारण छोटी.

छोटी म्हणजे काकांची एकुलती एक लेक. वय चौतीस, हाताखाली अकरा माणसं, तरी घरात छोटीच. ती नोकरीनिमित्त लांब राहायची. काकांना फोनवर बोलता येत नसे. मुद्दाम नाही. फोन कानाला लावला की त्यांच्या डोक्यातली सगळी वाक्यं पळून जात आणि दोनच उरत : "बरी आहेस ना?" आणि "आईला देतो." मधे काही यावं असं त्यांना फार वाटे. एकदा तर त्यांनी चार मुद्दे कागदावर लिहून ठेवले होते. छोटीने "हॅलो" म्हटलं आणि काकांनी तो कागदसुद्धा काकूंच्या हातात दिला.

पण दर रविवारी दुपारी चार वाजता बापलेक एक खेळ खेळत. ती तिच्या घरी, हे इथे. राज्य वसवायचं, शेतं लावायची, नद्यांवर पूल बांधायचे, शेजाऱ्यांशी तह नाहीतर लढाई करायची. काका लढाई करत नसत, ग्रंथालयं बांधत. लढाईचं खातं छोटीकडे होतं. खेळाच्या कोपऱ्यात एक चिंचोळी पट्टी होती, तिथे एकमेकांना निरोप लिहिता येत. बारा वर्षांत बापलेक जे काही एकमेकांशी बोलले, ते त्या पट्टीत. 'बाबा, तुमच्या पूर्व सीमेवर भालेवाले जमलेत, आणि मी नोकरी बदलतेय. तुमची खेळी.' त्यावर काकांनी पंधरा मिनिटं विचार करून लिहिलं होतं, 'निर्णय विचारपूर्वक घे. मात्र एकदा घेतल्यावर मागे पाहू नकोस. गहू हवा आहे का?' छोटीने नोकरी बदलली. गहूही घेतला.

तो जुना खेळ छोटीच्या नव्या संगणकावर चालेना. संगणक म्हणाला, हे मला ओळखू येत नाही. छोटीने बरेच उपाय केले आणि शेवटी कळवलं, 'बाबा, आता त्याच खेळाची नवी आवृत्ती घेऊ या. तुमच्याकडे मी इथूनच बसवून देते. या रविवारपासून तोच. जमेल ना?'

'जमेल', काकांनी लिहिलं. पूर्णविराम दिला. जमलं नाही तर रविवार जाणार. रविवार गेला तर उरणार "बरी आहेस ना" आणि "आईला देतो".

मग काकांनी काम पद्धतशीर सुरू केलं. एक वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'जुना', उजवीकडे 'नवा'.

जुना खेळ चौकोनी घरांचा होता. एका घरात वीस पलटणी मावत, एकमेकींच्या खांद्यावर बसल्यासारख्या, कोणाची तक्रार नसे. नव्यात सहा कोनांची घरं आली आणि एका घरात एकच पलटण, असा कायदा. पहिल्याच दिवशी काकांची पाच पथकं एका खिंडीत समोरासमोर आली आणि लग्नाच्या पंगतीतल्या पाहुण्यांसारखी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अकरा खेळ्या तिथेच उभी राहिली. जुन्यातले शत्रुराजे चार ठरावीक वाक्यं बोलत. 'तुमचा नाश अटळ आहे' हे ते 'आज ऊन आहे' अशा सुरात सांगत आणि खरोखर नाश करायला येत. सरळ माणसं. नव्यातले राजे जातीनं समोर येतात, हातवारे करतात, रुसतात, तोंड फिरवतात. एका राणीने काकांना सुनावलं, "तुम्ही आमच्या सीमेजवळ एवढी ग्रंथालयं बांधता, याचा आम्हाला संशय येतो." काकांनी दचकून खुर्ची मागे घेतली होती.

जुना नकाशा भिंतीवरच्या नकाशासारखा गप्प बसे. नवा फिरतो. काकांच्या बोटाचा धक्का लागला आणि उत्तर दिशा खाली गेली. राजधानी अर्धा तास सापडेना. ती शेवटी तळमजल्यावरच्या सेक्रेटरींनी शोधून दिली. "ही काय, ढगाखाली!" सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या सोसायटीचे. ते प्रत्येक वाक्य "माझं ऐका" असं सुरू करत, आणि त्यांचं ऐकल्याने आजवर कोणाचं काही भलं झाल्याची नोंद नव्हती.

तरी काका अन्याय करणारे नव्हते. 'नवा'च्या रकान्यात त्यांनी हेही लिहिलं : नदीजवळ गेल्यास पाण्याचा आवाज येतो. बाजारात माणसं खरोखर भाव करतात. ग्रंथालयाला खिडक्या आहेत. (अठरा. मोजल्या.)

आणि मग 'पुरवण्या'. खेळाचे चाहते आपल्या हौसेने त्यात जे बदल करून जगाला फुकट वाटतात, त्याला ती मंडळी 'मॉड' म्हणत. काका पुरवणी म्हणत, कारण पुस्तकाच्या शेवटी कोणी उत्साही माणूस जोडतो तीच गोष्ट ही. जुन्या खेळाच्या पुरवण्या वीस वर्षं मुरलेल्या होत्या. एकीत सगळे सैनिक मांजरं होते. एकीत युद्धच काढून टाकलं होतं, ती काकांची आवडती. नव्या खेळाच्या पुरवण्या अजून कोवळ्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या तर नव्याला जुन्यासारखं दिसायला लावण्यासाठीच केलेल्या. चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता, तिथे जुन्याचे आणि नव्याचे कैवारी असे काही भांडत की सहकोनी आणि चौकोनी घरांवरून माणसं आयुष्यभराचं बोलणं टाकतील. काका तिथे नुसतं वाचत. भांडणातलं त्यांना काही कळत नसे, पण 'सहकोनी' नव्हे, 'षटकोनी', हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

छोटीने निवडलेली पुरवणी वेगळी होती. तिने अख्खा खेळ मराठी होई. राजे मराठीत रुसत, पाट्या मराठीत लागत. करणाऱ्याने आपलं नाव 'बिनपगारी' एवढंच दिलं होतं. बुधवारी छोटीने लांबून दोन्ही संगणकांवर ती बसवली आणि निरोप पाठवला, 'बाबा, यात एक गोष्ट. दोघांकडची पुरवणी अक्षरन् अक्षर सारखी हवी, नाहीतर आपण एकत्र खेळू शकणार नाही. तिच्यात काही बदल करू नका हं.'

'मी कशाला बदल करू?' काकांनी लिहिलं. आणि ते मनापासून लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी तो द् गेला.

तिथून पुढचं सगळं समजून घ्यायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. काकांच्या हिशेबी दुरुस्ती म्हणजे बदल नव्हे. लेखकाने लिहिलेलं वाक्य बदलणं हे पाप. त्याला काकांनी अडतीस वर्षांत एकदाही हात लावला नाही. पण 'निट'चं 'नीट' करणं म्हणजे काही बदलणं नाही, ते मुळात जसं होतं तिथे नेऊन ठेवणं. रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्याला कोणी हात धरून घरी पोचवलं, तर म्हातारा बदलला असं आपण म्हणतो का?

तेव्हा काकांनी पुरवणीची फाईल शोधून काढली, ती साध्या अक्षरांत उघडते असं पाहिलं, आणि पोथी उघडावी तशी मांडी ठोकली. सैनीक. राजधानि. पुर्व. तत्वज्ञान. 'आर्थीक परीस्थीती', यात तर एकच वेलांटी आपल्या घरी होती. काका प्रत्येक शब्द वहीत उतरवत, डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर, मग पडद्यावर सुधारत. दुपारचं जेवण राहिलं. संध्याकाळी आकडा दोनशे चौदावर थांबला. निवृत्तीनंतर इतकं चांगलं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी खेळ सुरू केला आणि शेजारच्या राणीकडे तहासाठी दूत पाठवला. राणीच्या दरबारात बैल जाऊन उभा राहिला.

काकांनी चष्मा पुसला. बैलच होता. चांगला खिलारी बांध्याचा, शेपूट हलवत. राणी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने युद्ध पुकारलं. दुसऱ्या राजाकडे दूत पाठवला, तिथेही बैल. तिसऱ्याने तर बैल ठेवून घेतला आणि मग युद्ध पुकारलं.

"माझं ऐका," बोलावल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "हा व्हायरस."

"बैलाचा?"

"काका, आजकाल कशाचाही असतो. माझं ऐका, खेळ पूर्ण पुसून टाका आणि पुन्हा बसवा. माझ्या मेव्हणीच्या ऑफिसात असंच झालं होतं."

"बैल आला होता?"

"नाही, प्रिंटर बंद पडला होता. पण उपाय तोच."

काकांनी आपली दुरुस्त केलेली फाईल बाजूला जपून ठेवली, कारण मुद्रितशोधक तपासलेला कागद कधी टाकत नाही, आणि खेळ पुसून टाकला. पुन्हा बसवायला गेले तर खेळाने नाव विचारलं. काकांनी सांगितलं. खेळ म्हणाला, असं कोणी आमच्याकडे नाही.

नोंदणी छोटीने केली होती आणि घाईत वडिलांच्या नावातला एक 'अ' तिच्याकडून सुटला होता. काकांनी बुधवारीच जाता जाता एका ठिकाणी तो 'अ' घातला होता. दुसऱ्या ठिकाणी घालायचा राहिला. आता दोन नोंदी एकमेकींकडे संशयाने बघत होत्या आणि दार बंद होतं. शुक्रवारी सकाळी मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास वाद्यं ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, तुमचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळत नाही."

"नोंदीतलं चुकीचं आहे. मी दुरुस्त केलं."

"दुरुस्तीसाठी अर्ज लागतो, सर."

"करतो. कोणी करायचा?"

"ज्यांच्या नावाने नोंद आहे त्यांनी."

"अहो, त्या नावाचा माणूसच नाही!"

"मग त्यांना आम्हाला फोन करायला सांगा, सर."

काकांनी फोन ठेवला. काकू म्हणाल्या, "अहो, मी तोच, असं सांगून टाका की."

"मी तो नाही. माझ्या नावात अ आहे."

"रविवारी छोटीबरोबर खेळायचंय ना?"

काकांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा वाद्यं ऐकली आणि खालमानेने कबूल केलं की हो, तो मीच. अ नसलेला. मुलगी आनंदाने म्हणाली, "आधी सांगायचं ना, सर!" आणि दार उघडलं. शाळेत असताना न केलेल्या खोडीबद्दल छडी खावी तसं त्यांना दिवसभर वाटत होतं.

शनिवारी खेळ परत बसला, पुरवणीही बसली, आणि जपून ठेवलेली दुरुस्त फाईल काकांनी तिच्यात परत घातली. बैलाचाही उलगडा झाला. 'दुत' हा शब्द एका फाईलमध्ये नव्हे, सात फायलींत होता. काकांनी एकीत 'दूत' केला, बाकी सहा 'दुत'च म्हणत राहिल्या. एकमेकांची ओळख पटली नाही की यंत्र आपल्या यादीतला पहिला प्राणी पाठवून देई, आणि तो बैल होता. काकांनी सातही ठिकाणी दुसरा उकार दिला (शब्द एकच, म्हणून वहीतला आकडा दोनशे चौदाच राहिला), बैल गेले, दूत आले, आणि राणी प्रसन्न झाली. एकही चूक नसलेलं राज्य काकांनी पहिल्यांदाच पाहिलं. उद्या छोटीला दाखवायचं म्हणून त्यांना कधी एकदा चार वाजतात असं झालं.

एकाच गोष्टीचं उत्तर यायचं राहिलं होतं. गुरुवारी उत्साहाच्या भरात त्यांनी 'बिनपगारी' यांना पत्र लिहिलं होतं. 'महोदय, आपली पुरवणी उपयुक्त असून तीत केवळ दोनशे चौदा चुका आढळल्या. यादी सोबत जोडली आहे.' 'केवळ' हा शब्द त्यांनी सौजन्य म्हणून घातला होता. शनिवारी संध्याकाळी उत्तर आलं.

'काका, नमस्कार. मी गुरांचा डॉक्टर आहे. दिवसभर माझे हात कुठे असतात ते विचारू नका. उरलेल्या वेळात ही पुरवणी केली. आजवर नऊशे जण तिच्यावर खेळले, पण त्याबद्दल आलेलं पहिलं पत्र तुमचं. ते वाचून वाटलं, इतकं सदोष काम लोकांसमोर नको, म्हणून ती उतरवून ठेवली आहे. सवड झाली की सुधारीन. सध्या एक गाय अडली आहे.'

काकांनी पत्र तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. एवढ्या ओळी असा माणूस किती वेळ जपून, शब्दकोश जवळ घेऊन लिहीत बसला असेल, याचा हिशेब फक्त काकांनाच करता येण्यासारखा होता, आणि तो त्यांनी केला. कट्ट्यावर तोवर बोंब झाली होती. 'एका वेलांटी-हवालदारामुळे पुरवणी बंद!' हे वाचून काकांचे कान तापले. त्यांनी डॉक्टरांना लिहिलं, 'चूक माझी. कृपया पुरवणी आहे तशीच पुन्हा लावा. गाय कशी आहे?' तासाभराने उत्तर आलं, 'गाय सुटली. वासरू झालं. नवी पुरवणी सोमवारी लावतो, तुमची यादी धरून.'

काकांना हलकं वाटलं. सोमवारपर्यंत आपल्याकडची आहेच की.

रविवारी चार वाजता त्यांनी खेळ उघडला. छोटीचं नाव पडद्यावर आलं आणि त्याखाली पाटी लागली : 'दोन्ही पुरवण्या जुळत नाहीत.' कोपऱ्यातली पट्टी उघडेचना. पट्टी नाही म्हणजे निरोप नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली. काकांनी बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तीच पाटी, आणि तिच्यात एकही चूक नव्हती.

फोन वाजला.

"बाबा, काही बदल केलात का?"

"नाही," काका म्हणाले. "बदल नाही. दुरुस्ती."

"किती?"

"दोनशे चौदा."

पलीकडून खोकल्यासारखा एक आवाज आला. "बाबा, अक्षरन् अक्षर सारखं हवं, असं मी सांगितलं होतं ना?"

"आता ते बरोबर आहे. तूच तुझ्याकडचं बरोबर करून घे."

"मग त्या बिनपगारीच्या दोनशे चौदा चुका मी कुठे शोधत बसू? मला त्यातलं बरोबर काय तेच कळत नाही. तुम्हीच परत होतं तसं करा."

"म्हणजे चुका घालू?"

"सगळ्या."

कोणीतरी काकांना नुकताच झाडलेला जिना पुन्हा मळवायला सांगत होतं. समोर पाटी होती. घड्याळात चार-दहा झाले होते.

"तू तुझ्याकडचं मोठ्यानं वाच," शेवटी ते म्हणाले. "मी इथे घालतो." छापखान्यात असंच चाले. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने हातातलं मुद्रित तपासायचं. दोन प्रती जुळवायची दुसरी काही रीत असू शकते, हे काकांच्या मनातही आलं नाही.

छोटी क्षणभर थांबली. "चालेल," ती म्हणाली. "ओळ अकरा. सैनीक. नी दुसरी."

"पहिली."

"बाबा."

"दुसरी," काका म्हणाले आणि टंकायला गेले. उजव्या हाताचं बोट आपोआप पहिल्या वेलांटीवर गेलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि दुसरी दाबली. "झालं. पुढे."

"ओळ चौदा. राजधानि. पहिली. हे मलापण विचित्र दिसतंय."

"दिसायलाच हवं. तुला मी शिकवलंय."

"मला चष्म्याशिवाय आता काहीच धड दिसत नाही."

"चष्मा?" काकांचं बोट थांबलं. "तुला चष्मा कधी लागला?"

"झाले चार महिने."

"कितीचा?"

"दीड. दोन्ही डोळ्यांना."

"मला पहिला सव्वाचा होता," काका म्हणाले. "प्रकाश डावीकडून घेत जा. आणि काचा शर्टाच्या टोकाने पुसू नकोस, चरे पडतात. ओळ पंधरा?"

"ओळ वीस. परीस्थीती. तिन्ही दुसऱ्या."

"अरे देवा."

काकू एकदा पाण्याचा पेला घेऊन आल्या. नवऱ्याच्या कानाला फोन बघून त्या दचकल्या. "कोणाचं काही झालं का?" त्यांनी खुणेनं विचारलं. काकांनी हातानेच "नाही, पुढे" अशी खूण केली. ती खूण छोटीसाठी होती, पण काकू पुढे गेल्या.

पन्नासाव्या चुकीपाशी छोटीने सांगितलं, हाताखालच्या अकरा जणांत दोघं वयाने मोठी आहेत आणि त्यांच्या चुका दाखवायला जीभ वळत नाही. काका म्हणाले, "लाल शाई वापरू नकोस. पेन्सिलीने लिहावं, समासात, बारीक. आणि आधी एक बरोबर गोष्ट सांगावी." मग म्हणाले, "मी तसं कधी केलं नाही. करायला हवं होतं. डॉक्टरांच्या बाबतीत तर नक्कीच."

"कोणते डॉक्टर?"

मग डॉक्टर, बैल, राणी, गाय, वासरू आणि नावातला अ हे सगळं सांगावं लागलं. बैल राणीच्या दरबारात उभा राहिला तिथे छोटी इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. काकांना आपण काही विनोदी बोललो असं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी शेपटीचा तपशील पुन्हा एकदा सांगितला.

शंभरावी चूक 'उध्वस्त' होती. "हा राहू दे ना," काका म्हणाले.

"नाही. द् काढा."

काकांनी डोळे मिटून द् काढला.

साडेपाचला दारावरची घंटा वाजली. सेक्रेटरी होते. खेळाचं काय झालं ते पाहायला आले होते. "ते फोनवर आहेत," काकू म्हणाल्या.

"कोण, काका? फोनवर? बरे आहेत ना?"

"दीड तास झाला."

सेक्रेटरी चपला काढून हलक्या पावलांनी आत आले, जसं आजाऱ्याला बघायला जावं. काका एका हाताने मनगट धरून टंकत होते. फोन आता टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला. "दोनशे बारा," छोटीचा आवाज म्हणाला. "किर्ती. कि पहिली."

"झालं. दोनशे तेरा?"

"आशिर्वाद. शि पहिली. दोनशे चौदा, विजयि. पहिली. संपलं, बाबा."

काकांनी खेळ उघडला. पाटी लागली नाही. नकाशावर ढग सरकले, नदीचा आवाज आला, आणि कोपऱ्यातली पट्टी उघडली. दोन्ही पुरवण्या जुळल्या होत्या. चुकांसकट, अगदी अक्षरन् अक्षर.

सेक्रेटरींनी सगळं समजून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "काका, माझं ऐका," ते म्हणाले. "एवढं वाचायचं कशाला? तिच्याकडची फाईलच मागवून घ्यायची. एका मिनिटाचं काम!"

सेक्रेटरींनी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर सल्ला दिला होता, आणि तो असा दीड तास उशिरा.

"छोटी," काकांनी विचारलं, "असं करता येत होतं?"

"येत होतं, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या मिनिटापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला फोन ठेवला असतात."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. सेक्रेटरी काकूंकडे बघायला लागले, काकू खिडकीकडे. पडद्यावर काकांची पथकं खिंडीत उभी होती, खेळी कोणाची आहे याची वाट बघत.

"उद्या ते डॉक्टर सुधारलेली पुरवणी लावणार आहेत," काका शेवटी म्हणाले. "तीही एकदा जुळवून घ्यावी लागेल. माझी यादी धरली आहे म्हणतात, पण माणूस कामात असतो, चुका राहतात. पुढच्या रविवारी चारला."

"मी वाचीन," छोटी म्हणाली.

"वाच," काका म्हणाले. "फाईल मात्र पाठवू नकोस."